रोमचा बाजार-अधिकारी, मुक्काम नेपरव्हिल

रविवार, ८ जून २००३. नेपरव्हिल, शिकागोजवळ, इलिनॉय. हजर: भाची मंजिरी, तिचा नवरा नितीन, त्यांची नऊ वर्षांची ईशा, मी, एक बॅग आणि खांद्यावरची पिशवी. गैरहजर: दुसरी बॅग. ती मधल्याच कुठल्या तरी विमानतळावर उतरली असावी, असं शिकागोच्या विमानतळावरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं आणि एक फॉर्म पुढे केला.

“बॅगेत काय काय होतं मावशी?” नितीनने विचारलं.

“यादी आहे,” असं म्हणून मी पर्समधून कागद काढून दिला.

“तुम्ही बॅगेची पण यादी ठेवता?” नितीन मूळचा नागपूरचा, हसायला लागला की थांबत नाही.

“बॅगेचीच ठेवायची असते. घर कुठे हरवत नाही.”

बॅग चौथ्या दिवशी घरपोच आली. गोडा मसाला, मेतकूट, दोन साड्या, सगळं यादीप्रमाणे. पण ती आली नसती तरी मी फार हळहळले नसते, कारण जे दाखवायला मी इतक्या लांब आले होते ते खांद्यावरच्या पिशवीत होतं: एक हस्तलिखित प्रकरण आणि टिपणांची एकेचाळीस कार्डं. विमानात ती पिशवी मी पायाशीसुद्धा ठेवली नव्हती.

ही कार्डं पाठक सरांची. मी कोल्हापूरला एका विधी महाविद्यालयात सव्वीस वर्षं शिकवते आहे, आणि मला शिकवलं ते सरांनी. त्यांचं वय आता एक्क्याऐंशी. आधी त्यांनी वकिली केली, मग अध्यापन. पंचेचाळिसाव्या वर्षी ते एका पाद्रीबाबांकडे लॅटिन शिकायला जाऊ लागले, कारण त्यांना एक प्रश्न पडला होता. रोमन लोकांची खरेदी-विक्री, वारसा, दत्तक हे सगळं आपण परीक्षेपुरतं शिकवतो. पण राज्याचा कायदा कुठे आहे? सभा कोणी बोलवायची, अधिकाऱ्याने कुठपर्यंत जायचं, बाजारात हुकूम कोणाचा चालायचा? जुन्या काळापुरतं हे सगळं सलग सांगणारं एकही पुस्तक रोमन माणसाने ठेवलेलं नाही. सरांचं म्हणणं, ते लोकांच्या तोंडी आहे. नाटकात आहे, प्रार्थनेत आहे, थडग्यावर कोरलेल्या ओळींत आहे. तिथून वेचायचं.

तीस वर्षं वेचून त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. दोन प्रकरणं छापखान्यात जुळून तयार होती. तिसरं रोमच्या बाजार-अधिकाऱ्यावरचं, सगळंच्या सगळं जुन्या विनोदी नाटकांवर उभं केलेलं. ते कोणी जाणत्याने एकदा बघावं असं सरांना वाटत होतं. आणि वेळ कमी होता. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला आहे, उजव्याची नजर नळीतून बघितल्यासारखी अरुंद होत चालली आहे. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचीही हमी दिली नव्हती. “पुस्तक मला बघायचंय,” सर म्हणाले होते, “नुसतं हातात घेऊन चाचपायचं नाही.”

मी शिकागोच्या एका विद्यापीठाला पत्र टाकलं. उत्तर आलं ते लॅटिनच्या निवृत्त प्राध्यापिका रूथ यांचं, हाताने लिहिलेलं, दोन पानी. मथितार्थ असा: या, सगळं घेऊन या, मला वेळच वेळ आहे. ओळख ना पाळख. मी तीन महिने बसून प्रकरण आणि कार्डं इंग्रजीत केली, रजा काढली आणि निघाले.

शिकागो, १० जून

सकाळची गाडी. नितीनने स्टेशनवर सोडलं. डबा दुमजली, वरच्या मजल्यावर एकेकट्याची खुर्ची. तिकीट तपासनीस खालूनच हात उंच करून वरच्यांची तिकिटं पंच करतो. कोणी कोणाशी बोलत नाही. मी शेजारणीला “आपण कुठे उतरणार?” असं विचारलं तर तिने आधी दचकून बघितलं आणि मग शेवटच्या स्टेशनापर्यंत आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं. म्हणजे बोलायची हौस इथेही असते, सुरुवात दुसऱ्याने करावी लागते.

रूथबाई ग्रंथालयाच्या दारातच उभ्या होत्या. सत्तरी पार केलेल्या, उंच, पुरुषी बूट, कानात श्रवणयंत्र. त्यांनी हात पुढे केला, मी नमस्कार केला, मग त्यांनी नमस्कार केला आणि मी हात पुढे केला. शेवटी दोघी हसलो आणि आत गेलो.

पासपोर्ट दाखवून दहा मिनिटांत मला वाचकाचं ओळखपत्र मिळालं. आमच्याकडे चिठ्ठी भरायची, शिपायाला द्यायची आणि तो चहाहून येईपर्यंत बसायचं. इथे आठ मजले उघडे. जा आणि घ्या. त्या मोकळेपणाने मी इतकी भारावले की पहिले दोन दिवस, वाचून झालेलं प्रत्येक पुस्तक नीट जाग्यावर नेऊन ठेवत होते. तिसऱ्या दिवशी एक तरुण कर्मचारी अगदी अजिजीने येऊन म्हणाला, “मॅडम, प्लीज, पुस्तकं ढकलगाडीवर ठेवत जा. जाग्यावर आम्ही ठेवतो.” मी म्हटलं, मला सवय आहे. तो म्हणाला, “हो, पण काल तुम्ही ठेवलेली चार पुस्तकं आम्हाला सापडत नाहीयेत.” सापडली. मी ती आकारमानाप्रमाणे लावली होती, आमच्या विभागात लावतो तशी.

जेवणाच्या वेळी रूथबाई डब्यातून गाजराच्या कांड्या आणि शेंगदाण्याच्या लोण्याचं सँडविच काढत. मी थालीपीठ. चौथ्या दिवसापासून त्यांनी सँडविच आणणं बंद केलं. विचारलं नाही, सांगितलं नाही, फक्त गाजरं दोघींपुरती आणू लागल्या. मंजिरीला मी म्हटलं, उद्यापासून चार लाव.

शिकागो, १६ जून

आठवडाभरात बाईंनी प्रकरण दोनदा वाचलं होतं. सोमवारी त्यांनी एक कार्ड टेबलावर ठेवलं. सरांचं वळणदार अक्षर, खाली माझं इंग्रजी: “बाजार-अधिकाऱ्यास शिळी मासळी बाजारातून हुसकून लावण्याचा अधिकार होता.”

“अधिकारी कुठे आहे इथे?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“मी मूळ प्रवेश काढून बघितला. इथे एक भुकेला माणूस आहे. दुसऱ्यांच्या पंगतीवर जगणारा. त्याला आज जेवणाचं आमंत्रण मिळालंय, त्या आनंदात तो रस्त्यात उभा राहून मासळीवाल्यांना हुकूम सोडतोय. तुमच्या सरांनी भुकेला माणूस काढून टाकला आणि हुकूम ठेवला.”

त्यांनी दुसरं कार्ड ठेवलं: बंदरात उतरलेल्या मालाचा भाव अधिकारी ठरवीत असे. “हा तर रोमचा अधिकारीच नाही. नाटकाची गोष्ट ग्रीक नाटकावरून घेतली आहे, गाव ग्रीक आहे, अधिकारी तिथला आहे.” मग तिसरं, चौथं. टेबल भरत गेलं.

चूक कशी झाली ते मला लगेच कळलं, आणि त्या बाईंना कळणं शक्य नव्हतं. आम्ही वकिली शिकलेली माणसं. निकालपत्र कितीही लांब असो, त्यातला नियम दोन ओळींत उचलायचा, हेडनोट करायची आणि कोणाच्या शेतात कोणाची म्हैस शिरली ते सोडून द्यायचं. हेच आम्हाला शिकवलं, हेच आम्ही शिकवलं. सरांनी तीस वर्षं विनोदी नाटकांच्या हेडनोटा काढल्या होत्या.

“विनोद काढून टाकल्यावर,” रूथबाई म्हणाल्या, “कायदा कोणाचा ते कशावरून ठरवायचं?” त्या रागावल्या नव्हत्या. वाईट वाटून बोलत होत्या, त्यामुळे ते आणखी लागलं.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. मंजिरीने भात वाढता वाढता विचारलं, “मग आता?”

“एक तर प्रकरण गाळायचं. गाळलं तर छापखान्यातली दोन त्याच्यावर टेकलेली आहेत, तीही हलतात. नाही तर पुन्हा लिहायचं. त्याला वर्ष जाईल. सरांचा डोळा वर्षभर थांबणार नाही.”

“मावशी, एक सांगू?” नितीन म्हणाला. “रिलीज करून टाका यार. बग्ज नंतर फिक्स करता येतात. सेकंड एडिशनमध्ये.”

“अरे पण चुकीचं आहे ते.”

“मराठीत हे चेक करणारं कोण आहे पण? तुम्ही आणि सर. सर बिचारे खूश होतील, पुस्तक डोळ्यांनी बघतील.”

“दॅट्स चीटिंग, बाबा,” ईशा म्हणाली.

“तू वरण खा.”

खोटं कशाला बोलू, मला नितीनचं म्हणणं दोन दिवस पटलं होतं. छापखान्याला एक फोन केला की काम झालं. मी वहीत दोन रकाने आखले, सरांना ‘सांगावे’ आणि ‘सांगू नये’. ‘सांगू नये’चा रकाना लांब झाला.

त्याच आठवड्यात गुरुवारी रूथबाई आल्या नाहीत. त्यांना ज्युरीचं बोलावणं होतं. दुसऱ्या दिवशी सांगू लागल्या: सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत एका हॉलमध्ये बसवलं, सोबत एक न्हावी, एक बसचालक, एक नर्स, आणि शेवटी कोणालाच न निवडता घरी पाठवलं. “मग दिवस वाया गेला म्हणायचा,” मी म्हटलं. “वाया कसा? बोलावलं की जायचं,” त्या म्हणाल्या. आपल्याकडची ज्युरी बंद झाली त्याला किती काळ लोटला, ते मी वर्गात एका वाक्यात सांगून पुढे जाते. ते वाक्य आता लांबवायला हवं.

पिकनिक, शनिवार, २१ जून

मराठी मंडळाची उन्हाळी पिकनिक, एका मोठ्या बागेत. पावभाजीचा तवा कोळशाच्या शेगडीवर, बाजूला मक्याची कणसं, कोणी तरी घरी केलेलं श्रीखंड बर्फाच्या पेटीत. मुलं पाण्याचे फुगे फोडत होती. जेवणानंतर छोटं नाटुकलं. नितीन एका बर्फपेटीवर चढला, खांद्यावर टॉवेल घेतला, आणि हातातल्या पातेल्यावर डाव आपटून ओरडला:

“ऐका हो ऐका! तमाम घरमालकांस कळविण्यात येते की, गवत चार इंचांच्या वर आढळल्यास मालकास पत्र येईल! मागच्या अंगणात दोरीवर लेंगा दिसल्यास दुसरे पत्र येईल! दाराला मोरपंखी रंग दिल्यास समिती बसेल हो समिती!”

मोठी माणसं हसून लोळायची बाकी राहिली. मी बघत राहिले.

“लेंग्यात हसण्यासारखं काय आहे?” मी मंजिरीला विचारलं.

“अगं, इथे प्रत्येक वस्तीची असोसिएशन असते. गवत वाढलं, बाहेर कपडे वाळत घातले की नोटीस येते. आम्हाला आली होती, तुझ्या जावयाच्या लेंग्याबद्दल. खरंच!”

मग मला हसू आलं, पण उशिरा. आणि मागे वळून बघितलं तर ईशा आणि तिच्या मैत्रिणी गवताच्या पत्राला खिदळत होत्या, पण “ऐका हो ऐका”ला नुसत्या बघत होत्या.

“बाबा भांडं का वाजवतोय?” ईशाने विचारलं. दवंडी तिने कधी ऐकलेलीच नाही.

एकाच भाषणात दोन गावं होती. पातेलं आमच्याकडचं, लेंग्याची नोटीस इथली. कोण कुठे हसलं आणि कोण नुसतं बघत बसलं, एवढ्यावरून कुठला भाग कुठला ते कोणालाही सांगता आलं असतं. मी कणीस अर्धं टाकून पर्समधून पेन काढलं. कागदाच्या ताटलीच्या मागच्या बाजूला लिहिलं: १. कोण बोलतो? २. कोणाला? ३. हसायला काय माहीत असावं लागतं?

शिकागो, २३ जून ते ९ जुलै

सोमवारी ती ताटली रूथबाईंसमोर ठेवली. तूप लागलेली. त्यांनी सगळी हकिगत दोनदा सांगायला लावली, लेंगा म्हणजे काय त्याचं चित्र काढायला लावलं, आणि इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या टेबलावरून शूऽऽ असा आवाज आला.

“आपण असंच करू,” त्या म्हणाल्या. “भुकेला माणूस परत आणू.”

पुढचे अडीच आठवडे तेच केलं. प्रत्येक कार्डामागचा मूळ प्रवेश शोधायचा. त्या लॅटिन मोठ्याने वाचत, मग इंग्रजीत सांगत, मी मराठीत लिहीत असे. बोलणारा कोण, मालक की गुलाम की स्वयंपाकी. घाबरवतोय की बढाई मारतोय. आणि रोमच्या माणसाला हसू फुटायला काय ठाऊक असायला हवं. भुकेल्या माणसाचं कार्ड राहिलं. तो हुकूम सोडतो तो थेट रोमच्या अधिकाऱ्याच्या भाषेत, आणि बाजारात तो सूर रोज ऐकणाऱ्यालाच त्यात गंमत वाटणार. मात्र त्यावरून अधिकाऱ्याला नेमके कोणते अधिकार होते हे म्हणता येत नाही. लोकांना तो कसा ओळखीचा होता, एवढंच म्हणता येतं. बंदरातल्या भावाचं कार्ड गेलं. तो प्रवेश ग्रीक गावात जसाच्या तसा चालला असता.

या अडीच आठवड्यांत रूथबाईंनी आपलं मिशिगनला बहिणीकडे जाणं पुढे ढकललं. मला ते शेवटच्या दिवशी कळलं, तेही बहिणीचा फोन आला म्हणून. मी आभार मानू लागले तर म्हणाल्या, “माझ्या विषयावर कोणी सात समुद्र ओलांडून कार्डं घेऊन येतं, असं माझ्या आयुष्यात किती वेळा होणार?” मग गाजराचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी माणसांना निरोप देताना रडत नाही. त्या दिवशी गाजर खाता खाता रडले.

हिशेब असा लागला: ठेवायची सतरा, काढायची एकोणीस, शंकेची पाच. ‘सांगू नये’चा रकाना मी तेव्हाच खोडला. अशा बाईंनी इतकं केल्यावर ते लपवून छापणं मला जमलंच नसतं.

फोन, १० जुलै

सकाळी आठला कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून फोन लावला. कोल्हापूरला संध्याकाळचे साडेसहा. सर बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसलेले असणार.

“बोला बाई,” सर म्हणाले. मी पन्नाशीची झाले तरी ते मला बाई आणि तुम्हीच म्हणतात. “तुमचा आवाज खाली आहे. म्हणजे प्रकरण पडलं.”

मी सगळं सांगितलं. हेडनोटांचं, भुकेल्या माणसाचं, ग्रीक अधिकाऱ्याचं, लेंग्याचंसुद्धा.  

“ऐकताय ना सर?”

“ऐकतोय. मला तो भुकेला माणूस आठवतोय. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या होत्या. आणि मग मी कार्ड लिहायला बसलो, आणि त्यालाच वगळलं. किती राहिली?”

“सतरा. पाच शंकेची आहेत, ती शंका म्हणूनच छापता येतील. प्रकरण बारीक होईल सर.”

“होऊ दे. किती दिवसांत?”

“मूळ प्रवेश सगळे तपासून झालेत. मी आल्यावर सहा आठवडे. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. दिवाळीच्या आत पुस्तक होतंय.”

“आणि एकोणीस कार्डं?”

“ती काढायची.”

“नुसती काढायची नाहीत. प्रकरणाच्या सुरुवातीला लिहायचं की लेखकाने हे तीस वर्षं चुकीचं वाचलं होतं, कसं चुकीचं वाचलं, आणि कोणी दाखवून दिलं. त्या बाईंचं नाव घालून.”

“घालू सर.”

“ते तुम्ही लिहा.”

“मी? चूक तुमची आणि लिहू मी?”

“मी लिहिलं तर बचाव करीन. वकिली सोडून इतकी वर्षं झाली, ती खोड गेलेली नाही. तुम्ही लिहा. मऊ करू नका.”

कोल्हापूर, ७ सप्टेंबर

परत येऊन आठ आठवडे होतील. रूथबाईंना मेतकुटाची पुडी आणि थालीपिठाची कृती पोस्टाने गेली. ग्रंथालयाला आभाराचं पत्र गेलं. मंजिरीची काकडी किसायची किसणी माझ्या बॅगेत आली होती, ती तिच्या मैत्रिणीबरोबर परत पाठवली. सतरा कार्डं नव्याने लिहून झाली. रोज संध्याकाळी सरांना वाचून दाखवते. ते डोळे मिटून ऐकतात आणि भुकेला माणूस आला की अजून हसतात. उजव्या डोळ्याने त्यांना मोठं अक्षर अजून दिसतं. छापखान्याने प्रकरण जुळवून पाठवलं आहे, फक्त त्याचं पहिलं पान मोकळं सोडून.

ते चुकीच्या कबुलीचं पान माझ्याकडे आहे. सहा वेळा लिहिलं. दोनदा सरांचं कौतुकच झालं, तीनदा क्षमा मागितल्यासारखं झालं, एकदा इतकं कोरडं झालं की मीच फाडलं. सर विचारत नाहीत. काल प्रुफं हातात घेऊन त्यांनी तो कोरा कागद खिडकीपाशी नेला, डोळ्याशी धरला आणि म्हणाले, “इथे काही दिसत नाही. माझा डोळा की तुमचं काम?”

“माझं काम सर,” मी म्हटलं.

छापखान्याने शनिवारपर्यंतची मुदत दिली आहे.